ताबा कधीचा, सातबारा कधीचा

३१ डिसेंबरला आमच्या सिंधुदुर्गातून गोव्याकडे गाड्यांची रांग लागते. पत्रादेवीचा नाका ओलांडण्याच्या घाईत असलेल्या त्या गर्दीला १९७४ च्या याच तारखेशी काही देणंघेणं नसतं, आणि त्याबद्दल तिला नावं ठेवण्याचं कारण नाही. १९ डिसेंबर इकडे सगळ्यांना पाठ आहे: १९६१ साली त्या दिवशी गोवा मुक्त झाला. पण गोवा आपला राहिला नाही, हे पोर्तुगालने कबूल करायला आणखी तेरा वर्षं घेतली. ती कबुली ३१ डिसेंबर १९७४ रोजी दिल्लीत झाली. पोर्तुगालच्या बाजूने सही केली परराष्ट्रमंत्री मारिओ सोआरेस यांनी, भारताच्या बाजूने यशवंतराव चव्हाणांनी. परराष्ट्र खातं यशवंतरावांकडे येऊन तेव्हा पुरते तीन महिनेही झाले नव्हते.

करार आखूड आहे, चार-पाच कलमांचा. पण त्याने जोडलं ते नातं वीस वर्षं तुटलेलं होतं. फेब्रुवारी १९५० मध्ये भारताने वाटाघाटी करू म्हणून पत्र दिलं, पोर्तुगालने बोलायचंच नाकारलं. जून १९५३ मध्ये आपण लिस्बनमधली वकिलात बंद केली. १५ ऑगस्ट १९५५ च्या सत्याग्रहींवर पोर्तुगीज पोलिसांनी गोळ्या झाडल्या, वीसहून जास्त माणसं मेली, आणि उरलासुरला संबंधही संपला. त्यानंतर आपलं काम तिकडे इजिप्त बघत होता, त्यांचं इकडे ब्राझील.

या करारावरून ओरोसला एका वकिलाच्या खोलीत झालेला वाद खाली देतो आहे. ओरोस, म्हणजेच सिंधुदुर्गनगरी, हे कचेऱ्यांचं गाव. जिल्हाधिकारी, जिल्हा परिषद, न्यायालय, आणि त्यांच्याभोवती झेरॉक्स, स्टॅम्पपेपर, चहा. इथे हौसेने कोणी येत नाही, काम असतं म्हणून येतो. बाईंचंही काम होतं: बांद्याजवळच्या माहेरच्या जमिनीच्या वाटणीचं. बाई ऐंशी ओलांडलेल्या, इतिहासाच्या निवृत्त शिक्षिका. वकील त्यांचाच जुना विद्यार्थी, त्यामुळे फी कोणी कोणाला द्यायची हा प्रश्न पहिल्या भेटीपासून अडलेला. मी शेजारी म्हणून सोबतीला. तारीख पुढे गेली होती, बाहेर पाऊस होता, आणि वकिलाच्या भिंतीवर यशवंतरावांचा फोटो होता. तेवढं पुरलं.

बाई: फोटो लावलायस तो ठीक. पण त्या करारावर सही करून यशवंतरावांनी काय मिळवलं, ते माका सांग. पन्नासावी पॅराशूट ब्रिगेड दोडामार्गावरून आत गेली १८ तारखेला, १९ ला सकाळी मांडवी ओलांडून पणजीत. त्याच रात्री पोर्तुगीज गव्हर्नर वासालो इ सिल्वाने शरणागती लिहून दिली. संपलं. तेरा वर्षांनी शाई कशाला खर्च केली?

वकील: बाई, तुमची ती जमीन आज कसतो कोण?

बाई: भाऊ.

वकील: आणि सातबारावर नाव कोणाचं?

बाई: आजोबांचं. म्हणून तर तुझ्या पायऱ्या चढले.

वकील: मग गोव्याचं वेगळं काय होतं? १९६१ ला ताबा मिळाला. लिस्बनच्या दप्तरात मात्र त्यांचं ‘भारतीय राज्य’ चालूच होतं, त्यांच्या राष्ट्रीय सभेत त्याचे प्रतिनिधीसुद्धा बसत होते. ताबा सैन्य देतं. फेरफार समोरच्याच्या सहीशिवाय होत नाही.

बाई: दाखला चुकला. माझे आजोबा त्या जमिनीचे मालक होते. हे पोर्तुगीज पाकले कसले मालक? तेरेखोल त्यांनी १७४६ मध्ये जिंकून घेतला. पेडणे त्यांना १७८८ मध्ये मिळालं, कारण सावंतवाडीकरांना कोल्हापूरकरांविरुद्ध मदत हवी होती. आपल्याच दोन घराण्यांच्या भांडणात तिसऱ्याचं फावलं. बळकावणाऱ्याच्या सहीची वाट तू बघायला सांगतोस?

वकील: तिसऱ्याचं फावलं हे खरं. पण सावंतवाडीच्या भोसल्यांनी तेव्हा लिहून दिलं तो करारच होता ना? तुम्हाला नको असलेला कागद खोटा आणि हवा असलेला खरा, असं चालत नाही.

इथे बाई थोड्या थांबल्या. मला वाटतं, हा घाव त्यांना लागला, कारण वर्गात हाच मुद्दा त्या मुलांना शिकवत असणार.

बाई: बरं, कागदाचंच बोलू. तुमच्या सुप्रीम कोर्टाने १९६९ लाच काय सांगितलं? ते फादर मोंतेरो. गोव्यातले पाद्री. मी पोर्तुगीजच राहणार म्हणाले, भारतात राहायच्या परवान्याची मुदत वाढवून मागितली नाही. त्यांच्यावर खटला झाला आणि कोर्टाने अपील फेटाळलं. गोवा भारतात आला तो आला, आता तो परक्याच्या ताब्यातला मुलूख नाही, असं स्वच्छ सांगितलं. करार व्हायच्या पाच वर्षं आधी. मग सातबारा अडला कुठे?

वकील: आपल्या कोर्टाचा हुकूम आपल्या हद्दीत चालतो. हद्दीबाहेरच्या तीन ठिकाणी तो अडला होता. पहिलं, रोम. गोव्याचे आर्चबिशप आल्वेर्नाझ १९६२ मध्ये गोवा सोडून गेले, पण १९७५ पर्यंत कागदावर आर्चबिशप तेच होते. व्हॅटिकनला भारत आणि पोर्तुगाल या दोघांपैकी कोणाला दुखवायचं नव्हतं, म्हणून तेरा वर्षं खुर्ची रिकामी आणि नाव कायम. पोर्तुगालने कबुली दिली आणि त्यांचा राजीनामा आला. दुसरं ठिकाण, लोकांचं राष्ट्रीयत्व. तिसरं, बँक.

बाई: दागिन्यांचं म्हणतोस.

वकील: हो. बांको नासियोनाल उल्त्रामारिनोच्या पणजीच्या शाखेत गोव्यातल्या लोकांनी दागिने गहाण ठेवले होते. भारत सैन्य घालणार अशी चिन्हं दिसली तेव्हा बँकेने ते उचलून लिस्बनला नेले. गोवा मुक्त झाला, मंगळसूत्रं लिस्बनच्या तिजोरीत. आता सांगा, तुमची पॅराशूट ब्रिगेड त्या तिजोरीपर्यंत कशी पोहोचणार होती? करारात एक साधं, नीरस कलम आहे: मालमत्ता आणि दावे यांचे प्रश्न दोन्ही देश बोलून सोडवतील. त्या कलमाला धरून बोलणी झाली आणि १९९१ मध्ये दागिने परत आले.

बाई: करारानंतर सतरा वर्षांनी! ज्यांनी गहाण ठेवले त्यातल्या किती बायका तेव्हा जिवंत असतील?

वकील: सतरा वर्षं लागली, कबूल. ओरोसच्या कोर्टात त्याहून जास्त लागतात. पण कलम नसतं तर कधीच आले नसते.

मला स्वतःला या करारातलं सर्वांत पटलेलं कलम हेच आहे. दोन देश पुन्हा बोलू लागले की वर्तमानपत्रात हस्तांदोलनाचा फोटो येतो, भाषणात मैत्री येते. ती मैत्री कोणाच्या कपाटात दिसत नाही. गहाण पडलेली पाटली परत आली तर दिसते. वकिलाला मात्र वेगळं कलम प्यारं होतं, आणि त्यावर तो रंगून बोलला.

वकील: पहिलंच कलम बघा. पोर्तुगाल भारताचं सार्वभौमत्व मान्य करतो, पण कधीपासून? ‘हे प्रदेश भारताच्या राज्यघटनेनुसार भारताचे भाग झाले त्या तारखांपासून.’ अर्थ तेवढाच. गोवा, दमण, दीव यांच्यासाठी ती तारीख पडते २० डिसेंबर १९६१, कारण बारावी घटनादुरुस्ती तेव्हापासून लागू. दादरा नगर हवेलीसाठी ११ ऑगस्ट १९६१, दहावी दुरुस्ती. आता यातली खुबी बघा. १८ आणि १९ डिसेंबरला काय झालं, याबद्दल करारात एक अक्षर नाही. आपल्या दृष्टीने ती मुक्ती. त्यांच्या दृष्टीने आक्रमण. सुरक्षा परिषदेत त्यांच्या बाजूचा ठराव रशियाने नकाराधिकार वापरला म्हणून पडला. दोघांपैकी कोणीही आपला शब्द सोडला नाही. दोघांनी मिळून फक्त वीस तारखेपासून पुढचं मान्य केलं. सोळाव्या शतकापासून भांडलो असतो तर अजून भांडत असतो.

बाई: आणि दादऱ्याचं? ते तर १९५४ लाच मुक्त झालं होतं.

वकील: तिथे तर गंमतच आहे. १९५४ ते १९६१ तिथे ना पोर्तुगीज ना भारत. वरिष्ठ पंचायत कारभार बघायची. १९६० मध्ये हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाने निकाल दिला: पोर्तुगालच्या खासगी माणसांना, मुलकी अधिकाऱ्यांना, मालाला भारतातून जायचा हक्क होता, पण सैन्याला नाही, आणि १९५४ मध्ये भारताने वाट अडवली त्यात काही चूक नाही. मग १९६१ मध्ये विलीनीकरण करायचं तर करारावर सही करायला त्या बाजूने कोणीतरी हवा. म्हणून बदलानी नावाच्या आयएएस अधिकाऱ्याला एका दिवसापुरता तिथला पंतप्रधान केलं. सकाळी पंतप्रधान, नेहरूंबरोबर सही, संध्याकाळी पुन्हा आयएएस.

बाई हसल्या. एका दिवसाच्या पंतप्रधानावर कोकणात कोण हसणार नाही? पण हसू ओसरायच्या आत त्या मूळ मुद्द्यावर आल्या, आणि आवाज वर्गातला झाला.

बाई: तुझी खुबी मला कळली. अठरा-एकोणीस तारीख वगळली म्हणून भांडण मिटलं. पण वगळायला सुरुवात केलीस की कुठवर वगळशील? १५ ऑगस्ट १९५५ पण वगळलंच ना. तेव्हा मी शाळेत होते. बांद्यात माणसंच माणसं. पंजाबातली, मध्य प्रदेशातली, ज्यांना गोवा नकाशावर दाखवता आला नसता अशी. आमच्या घरात भाकऱ्यांच्या चवडी. पंजाबचा कर्नैलसिंग पत्रादेवीला पडला. मध्य प्रदेशच्या सहोदरा राय झेंडा घेऊन पुढे गेल्या आणि गोळी खाल्ली. त्याच्या आधी मे महिन्यात नानासाहेब गोरे आणि सेनापती बापट आत गेले होते. नानासाहेबांना दहा वर्षांची सजा ठोठावली. मग मधू लिमयांना बारा. ह्या माणसांचं त्या करारात काय आहे? भरपाई नको. दिलगिरी तरी?

वकील: नाही आहे.

बाई: आणि काय आहे ते सांग. गोव्यात पोर्तुगीज भाषा-संस्कृतीला उत्तेजन देऊ, ऐतिहासिक आणि धार्मिक वास्तू जपू! त्या ऐतिहासिक वास्तूंत पत्रादेवी बसते का रे?

वकिलाने उत्तर द्यायला वेळ घेतला. त्याचं उत्तर मला पुरेसं वाटलं नाही, पण प्रामाणिक वाटलं.

वकील: दिलगिरी कोणाकडून घ्यायची होती, बाई? गोळ्या हुकूमशहा सालाझारच्या राजवटीने झाडल्या. सही करायला आलेला सोआरेस त्याच राजवटीने तुरुंगात टाकलेला आणि देशाबाहेर काढलेला माणूस. २५ एप्रिल १९७४ ला लिस्बनमध्ये तरुण लष्करी अधिकाऱ्यांनी ती राजवट उलथली. अंगोला, मोझांबिक, गिनी-बिसाऊ इथल्या न संपणाऱ्या लढायांना ते विटले होते. सप्टेंबरात न्यूयॉर्कला सोआरेस आणि आपले तेव्हाचे परराष्ट्रमंत्री स्वर्णसिंग बोलले, ऑक्टोबरात पोर्तुगालने घटनात्मक कायदा करून असा करार करायचा अधिकार राष्ट्राध्यक्षाला दिला, डिसेंबरात सही. जे वीस वर्षं हलत नव्हतं ते आठ महिन्यांत झालं.

बाई: मग माझंच म्हणणं तू सिद्ध केलंस. करार मुत्सद्द्यांनी नाही केला. आफ्रिकेतल्या लढवय्यांनी आणि थकलेल्या शिपायांनी केला. सालाझारने १९५१ मध्ये घटनेत वसाहतीऐवजी ‘सागरापारचा प्रांत’ असं घातलं, म्हणजे गोवा हा पोर्तुगालच, मग चर्चा कसली. तो गडी असेपर्यंत तुझा यशवंतराव दिल्लीत दौत घेऊन बसला असता तरी काय झालं असतं?

वकील: काही झालं नसतं. मान्य. पण दार उघडलं तेव्हा मसुदा तयार असावा लागतो. दारं लवकर बंद होतात.

हा मुद्दा दोघांचाही बरोबर आहे आणि म्हणून वाद तिथेच रेंगाळला. दुरावलेले देश जवळ येतात तेव्हा बहुधा दोघांपैकी एकाच्या घरात, नाहीतर घराबाहेर, आधी काहीतरी कोसळलेलं असतं. आपल्याच बाबतीत इस्रायल बघा. १९५० मध्ये मान्यता दिली, १९५३ पासून मुंबईत त्यांचा कॉन्सुल होता, अलिबाग-पेणकडची बेने इस्रायली कुटुंबंच्या कुटुंबं तिकडे जाऊन स्थायिक झाली, पण दिल्ली आणि तेल अवीव यांच्यात पूर्ण राजनैतिक संबंध आले २९ जानेवारी १९९२ ला, सोव्हिएत संघ विसर्जित झाल्यावर साधारण महिन्याभराने. कोकणातली माणसं समुद्र ओलांडून चाळीस वर्षं ये-जा करत होती. सरकारं नंतर पोहोचली.

मी मध्ये तोंड घातलं ते जपान आणि दक्षिण कोरियाबद्दल. जून १९६५ मध्ये त्यांनी संबंध पूर्ववत केले. जपानने तीस कोटी डॉलर मदत आणि वीस कोटी डॉलर कर्ज देऊ केलं आणि दोन्ही सरकारांनी लिहून ठेवलं की सगळे दावे पूर्णपणे आणि कायमचे मिटले. जपानी कारखान्यांत जबरीने राबवलेल्या कोरियन मजुरांना त्यातून काय मिळालं, हे कोणी बघितलं नाही. कोरियाने तो पैसा बराचसा पोलाद आणि रस्त्यांत घातला. त्रेपन्न वर्षांनी, २०१८ मध्ये, कोरियाच्या सर्वोच्च न्यायालयाने जपानी पोलाद कंपनीला त्या म्हाताऱ्या मजुरांची भरपाई द्यायला सांगितलं. पुढच्या वर्षी जपानने सेमीकंडक्टरसाठी लागणाऱ्या रसायनांच्या निर्यातीवर बंधनं आणली.

बाई: बघ. वगळलेली माणसं परत येतात.

वकील: येतात. पण मधली त्रेपन्न वर्षं दोन देश व्यापार करत होते, हे सोडू नका. आणि सगळं मिटलं असं छातीठोक लिहिणं ही त्या मसुद्याची चूक. आपल्या करारात तसं नाही. बोलून सोडवू, एवढंच आहे. बोलायला जागा ठेवली.

बाई: जागा ठेवली, पण पत्रादेवीसाठी तिथे बसलं कोण? दागिन्यांना सावकार होता, पावती होती. मेलेल्यांची पावती नसते.

वकील गप्प बसला. माझा कल इथे बाईंकडे आहे. पावतीवाल्यांची दाद लागली, बाकीच्यांची नाही, हे या करारापुरतं तरी खरं आहे. मात्र बाईंच्या रागाला एक अपवाद निघाला आणि तो मला अपेक्षित नव्हता. मी वासालो इ सिल्वाचं नाव काढलं. सालाझारने शेवटपर्यंत लढा, मागे काही उरू देऊ नका, असा हुकूम दिला होता. या गव्हर्नरने तो पाळला नाही. त्याबद्दल त्याला नंतर लष्करातून बडतर्फ केलं. १९७४ च्या क्रांतीनंतर त्याची इभ्रत परत मिळाली, आणि १९८० मध्ये तो गोव्यात पाहुणा म्हणून येऊन गेला.

बाई: त्याच्यावर माझा राग नाही. पणजी जळली असती, वाचली. त्याला चहा मी पण दिला असता. चहा देणं वेगळं आणि हिशेब मिटला म्हणणं वेगळं.

वकील: आणि सोआरेस १९९२ ला राष्ट्राध्यक्ष म्हणून प्रजासत्ताक दिनाचा प्रमुख पाहुणा झाला, तो चहा की हिशेब?

बाई: ते दिल्लीने ठरवलं. दिल्लीला बांदा दिसत नाही.

मग बोलणं गोव्याच्या पासपोर्टांवर गेलं. १९६१ च्या मुक्तीआधी गोव्यात जन्मलेले आणि त्यांची मुलं-नातवंडं पोर्तुगालच्या कायद्यानुसार तिथलं नागरिकत्व मागू शकतात. हजारोंनी मागितलं आहे आणि त्या पासपोर्टावर माणसं इंग्लंडपर्यंत गेली आहेत. बाईंच्या आत्याचं घर पेडण्यात. भारताने गोव्याच्या केलेल्या नाकेबंदीच्या सहा वर्षांत, १९५५ ते १९६१, आत्या माहेरी येऊ शकली नव्हती. पलीकडे हॉलंडचे बटाटे खात होती, म्हणे, आणि इकडे बांद्याचा बाजार ओस. त्या आत्याच्या पणतूने आता आजोबांचा पोर्तुगीज काळातला जन्मदाखला शोधायला घेतला आहे. त्याचा फोन बाईंना आला होता, जुनी पोर्तुगीज अक्षरं वाचून द्याल का म्हणून.

वकील: मग? वाचून दिलीत?

बाई: देणार. पोराला नोकरी नाही. पण त्याला सांगितलंय, आधी पत्रादेवीच्या स्मारकाला जाऊन ये, मग माझ्याकडे ये.

वकील: गेला?

बाई: गाडीवरून जाताना रोज दिसतं म्हणाला.

पाऊस उघडला होता. खाली बांद्याकडे जाणारी एसटी लागायची वेळ झाली होती. बाईंनी वाटणीचे कागद पिशवीत घातले, पिशवीची गाठ मारली आणि दारात थांबून विचारलं.

बाई: एक सांग. पत्रादेवीच्या एखाद्या हुतात्म्याचा नातू उद्या तुझ्याकडे आला, पोर्तुगालवर दावा लावायचाय म्हणाला, आणि त्याच वेळी पोर्तुगालचा वकीलही आला, तर तू कोणाच्या बाजूने उभा राहशील?

वकील: जो आधी वकीलपत्र देईल त्याच्या.

बाई: मेल्या, म्हणून तुला मी इतिहासात पस्तीस दिले होते.